विश्लेषण : ‘मला काही फरक पडत नाही’ असे मुले का म्हणतात? किशोरवयीन मनाची ‘ढाल’ कशी काम करते?

दहावीचा निकाल दुपारी १ वाजता ऑनलाइन जाहीर होतो. १ वाजून १० मिनिटांनी एखाद्या घरात आवाज चढतो, ‘गणितात ४१ पडलेत आणि हा मोबाइलवर गेम खेळतोय! याला काही वाटतंय का?’ मुलगा मान वर न करता म्हणतो, ‘मला काही फरक पडत नाही.’ आई-वडिलांना हा उद्धटपणा वाटतो, आजीला आजकालच्या पोरांचा निगरगट्टपणा. मानसशास्त्राचे उत्तर निराळे आहे. त्या क्षणी फरक इतका पडलेला असतो, की तो पेलण्यासाठी मनाने घाईघाईत एक ढाल पुढे केलेली असते. अशा ढालींना ‘संरक्षण यंत्रणा’ म्हणतात. त्या प्रत्येकाकडे असतात आणि बहुतेक वेळा उपयोगीही असतात. पण किशोरवयात त्यांचा अर्थ चुकीचा लावला, तर घरात फक्त भांडण होते असे नाही, कधी कधी खरा आजार नजरेआड राहतो.

संरक्षण यंत्रणा म्हणजे नेमके काय?

ही कल्पना सिग्मंड फ्रॉईड यांनी १८९४ मधील एका लेखात प्रथम मांडली. असह्य वाटणारा विचार किंवा भावना मन जाणिवेच्या बाहेर ढकलते, असे त्यांचे निरीक्षण होते. पण या यंत्रणांची नीट मांडणी केली ती त्यांच्या धाकट्या कन्येने. ॲना फ्रॉईड आधी व्हिएन्नात शाळेत शिकवत होत्या आणि नंतर मनोविश्लेषणाकडे वळल्या. मुलांना वर्गात रोज पाहिलेली ही बाई होती, हे त्यांचे लिखाण वाचताना जाणवते. १९३६ मध्ये त्यांनी या विषयावरचे पुस्तक वडिलांच्या ८०व्या वाढदिवसाला भेट म्हणून दिले. त्याची शेवटची प्रकरणे वयात येणाऱ्या मुलांविषयी आहेत.

यातील कळीचा मुद्दा असा, की संरक्षण यंत्रणा नकळत चालते. अभ्यास झाला नाही म्हणून ‘वही घरी राहिली’ असे सांगणे ही थाप झाली. ती मारणाऱ्याला खरे काय ते माहीत असते. ‘मला गणित आवडतच नाही, म्हणून मी अभ्यास केला नाही’ असे मुलगी मनापासून म्हणते आणि त्यावर तिचा स्वतःचाही विश्वास असतो, तेव्हा ती यंत्रणा असते. थाप इतरांना फसवते, यंत्रणा आधी स्वतःला. म्हणूनच ‘खरं सांग’ असा दम दिल्यावर थाप उघडी पडू शकते, यंत्रणा मात्र आणखी घट्ट होते. घराघरांत होणारी निम्मी भांडणे या एका फरकाची गल्लत झाल्यामुळे होत असावीत.

हे सारे आपल्या म्हणींना आधीच ठाऊक होते का?

बरेचसे होते. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ आणि ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’ या दोन म्हणींत ज्याला मानसशास्त्र ‘समर्थन’ म्हणते, ती यंत्रणा जशीच्या तशी आहे. अपयशाला पटेल असे कारण शोधायचे आणि न मिळालेल्या गोष्टीची किंमत कमी करायची. हव्या त्या महाविद्यालयाचा कट-ऑफ अर्ध्या टक्क्याने हुकलेली मुलगी संध्याकाळपर्यंत सांगू लागते, की ‘तिथलं क्राऊडच बोअर आहे’. ‘मांजर डोळे मिटून दूध पिते’ यात नकार आला. प्रिलिमचा पेपर आठ दिवसांवर आला असताना ‘अजून खूप वेळ आहे’ म्हणणारा मुलगा आळशी असेलच असे नाही, तो घाबरून डोळे मिटून बसलेला असू शकतो. स्वतःच्या मनातला राग दुसऱ्याच्या नावावर टाकणे म्हणजे प्रक्षेपण. ‘सरांचाच माझ्यावर राग आहे’ हे वाक्य किती शिक्षकांनी ऐकले असेल!

सगळ्यांत ओळखीची म्हण मात्र ‘वड्याचे तेल वांग्यावर’. याला विस्थापन म्हणतात. ज्याच्यावर राग काढता येत नाही, त्याच्याऐवजी जो निमूट सोसेल त्याच्यावर तो निघतो. साहेब वडिलांना बोलले, वडील आईला बोलले, आई मुलावर खेकसली, मुलाने धाकट्या बहिणीला धपाटा घातला आणि बहिणीने दाराशी आलेल्या मांजराला हाकलले. साखळीत मुलाचा धपाटा सगळ्यांना दिसतो, कारण आवाज त्याचाच होतो. त्याच्या आधीच्या तीन कड्या कुणी मोजत नाही.

काही यंत्रणांना म्हण सापडत नाही, पण चेहरे सापडतात. परीक्षेच्या आदल्या रात्री चौदा वर्षांची मुलगी उशी घेऊन आजीच्या कुशीत झोपायला येते, ते प्रतिगमन. जिच्याशी बोलायला पोटात गोळा येतो, त्याच मुलीची मित्रांत टिंगल करणे ही उलट प्रतिक्रिया. (हे कारण समजले म्हणून त्या मुलीला होणारा त्रास माफ होत नाही, हेही मुलाला सांगावे लागते.) दर सोमवारी सकाळी दुखणारे पोट तर खरोखर दुखत असते. डॉक्टरांना तपासणीत काही सापडले नाही म्हणजे मूल सोंग करते, असा निष्कर्ष निघत नाही.

वसतिगृहांत आणि शिकवणीच्या गावांत दिसणारी एक यंत्रणा ॲना फ्रॉईड यांनीच नोंदवली होती, ती म्हणजे छळणाऱ्याशी तादात्म्य. ज्याला सातवीत मोठ्या मुलांनी रडवले, तोच नववीत लहानांना रडवतो. भीती वाटणाऱ्या माणसासारखे आपणच झालो, की भीती वाटेनाशी होते. शाळेने अशा मुलाला शिक्षा केली पाहिजे हे खरे, पण सातवीत त्याच्याशी काय घडले हे विचारल्याशिवाय ती शिक्षा अर्धवटच राहते.

ही ढाल किशोरवयातच इतकी जाड का होते?

कारण त्या वयात हल्ले सगळ्या बाजूंनी येतात. शरीर बदलते, आवाज फुटतो, आरशातला चेहरा रोज निराळा दिसतो. आई-वडिलांपासून दूर व्हायचे असते आणि त्यांच्याशिवाय भागतही नसते. मेंदूच्या पातळीवर पाहिले, तर तीव्र भावना उठवणारे भाग या वयात जोरात काम करू लागतात आणि सारासार विचार, आवर, परिणामांचा अंदाज यांचे काम करणारा कपाळामागचा भाग पूर्ण पक्व व्हायला विशीचा मध्य उजाडतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फीब क्रेमर यांनी मुलांना चित्रे दाखवून त्यावर गोष्टी सांगायला लावल्या आणि त्या गोष्टींतून यंत्रणा वयानुसार कशा बदलतात ते तपासले. लहान मुलांत नकार ठळक दिसला. वाढत्या वयात त्याची जागा प्रक्षेपणाने घेतली आणि किशोरवयात तादात्म्य वर आले. यात एक साधे तर्कशास्त्र आहे. एखादी युक्ती कशी चालते हे कळू लागले, की ती वापरता येत नाही. चार वर्षांच्या मुलाने सांडलेल्या दुधासमोर उभे राहून ‘मी नाही सांडलं’ म्हणणे खपते, चौदाव्या वर्षी त्यालाच ते पटत नाही. मग नवी, अधिक गुंतागुंतीची ढाल लागते. खोलीच्या भिंतीवरचा क्रिकेटपटू, एखाद्या यूट्यूबरची बोलण्याची लकब, कोरियन बँडसारखे कापलेले केस हा त्या तादात्म्याचाच भाग असतो. ‘मी कोण’ याचे उत्तर सापडेपर्यंत मुले दुसऱ्या कुणाचे तरी उत्तर उसने घेतात.

ॲना फ्रॉईड यांनी या वयाच्या दोन खास ढाली सांगितल्या. पहिली विरक्ती. शरीराच्या नव्या ओढींची भीती वाटून मूल एकदम सगळेच नाकारू लागते. गोड बंद, नवे कपडे बंद, पंखा बंद. घरच्यांना आधी कौतुक वाटते, ‘किती साधा झालाय.’ आज हीच विरक्ती ‘डाएट’ आणि जिमच्या वेळापत्रकाचे कपडे घालून येते, तेव्हा ती ओळखणे अवघड जाते. दुसरी ढाल बौद्धिकीकरणाची. स्वतःच्या एकटेपणाविषयी अवाक्षर न काढणारी मुलगी भांडवलशाही, हवामानबदल आणि आयुष्याच्या अर्थशून्यतेवर रात्री दोनपर्यंत वाद घालू शकते. विचार खरेच चांगले असतात. फक्त त्यांच्याआड एक भावना लपलेली असते.

१९५८ मध्ये लिहिलेल्या आणखी एका लेखात त्या पुढे गेल्या. या वयातली उलथापालथ स्वाभाविक असून, ती अजिबात न दिसणे हेच काळजीचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मुलाला वेळ आणि मोकळीक द्यावी, त्याला सहन करण्यासाठी मदतीची गरज कदाचित पालकांनाच असते, असेही त्यांनी सुचवले. हे मत पुढे सर्वांनी मान्य केले नाही. शिकागोतील मनोविकारतज्ज्ञ डॅनियल ऑफर यांनी १९६०च्या दशकात सर्वसाधारण शाळकरी मुलांचा अभ्यास केला, तेव्हा बहुसंख्य मुले फार मोठ्या वादळाशिवाय हे वय ओलांडताना दिसली. ॲना यांच्यासमोर येणारी मुले उपचारासाठी आणलेली असत, हा फरक महत्त्वाचा आहे. पालकांसाठी याचा व्यावहारिक अर्थ असा, की ‘हे वयच असं असतं’ या वाक्यात सगळे बसवता येत नाही. सतत वादळ असेल, तर ते वयावर ढकलून चालत नाही.

सगळ्याच ढाली वाईट असतात का?

अजिबात नाही. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ मध्ये २६८ विद्यार्थ्यांवर सुरू झालेला अभ्यास पुढे अनेक दशके चालला. मनोविकारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंट यांनी त्यातील माणसांची आयुष्ये तपासून यंत्रणांची उतरंड लावली. तळाशी वास्तवच नाकारणाऱ्या, त्यावर प्रक्षेपणासारख्या अपरिपक्व, मग दमन आणि विस्थापनासारख्या, आणि सर्वांत वर विनोद, उदात्तीकरण, परोपकार, पुढचे ओळखून तयारी करणे अशा परिपक्व यंत्रणा. मध्यमवयात वरच्या पायरीच्या यंत्रणा वापरणाऱ्यांचे नातेसंबंध आणि काम अधिक सुखाचे दिसले. १९७७ मध्ये हे निष्कर्ष पुस्तकरूपाने आले. अभ्यासातील सगळे पुरुष होते आणि तेही हार्वर्डमध्ये पोहोचलेले, हे लक्षात ठेवूनच ते वाचावे लागतात.

वडिलांवरचा राग ढोल-ताशा पथकात ढोलावर उतरणे, एकटेपणाची कविता होणे, धुसफूस कबड्डीच्या मैदानावर घामात जाणे हे उदात्तीकरण. दहावी आली म्हणून आधी पथक, कबड्डी आणि चित्रकलेचा क्लास बंद करण्याची आपल्याकडे रीत आहे. अभ्यासाला दोन तास वाढतात हे खरे, पण मुलाच्या हातातली सर्वांत चांगली ढाल त्याच वर्षी काढून घेतली जाते.

विनोदाचे प्रकरण जरा अवघड आहे. स्वतःच्या नापास होण्यावर मुले मीम बनवतात, त्याचे स्टेटस ठेवतात, मित्र हसरे चेहरे पाठवतात. पुष्कळदा हा निरोगी मार्ग असतो. दुःख चारचौघांत हसण्याजोगे केले की हलके होते. पण प्रत्येक विनोद ‘मी जगून काय उपयोग’ याच्याच आसपास घुटमळू लागला, तर तिथे हसून पुढे सरकणे बरोबर नाही.

ढाल कधी धोक्याची खूण ठरते?

सुरुवातीच्या वाक्याकडे पुन्हा यावे लागते. ‘मला काही फरक पडत नाही’ हे निकालाच्या दुपारी म्हटलेले वाक्य आणि तेच वाक्य दोन-तीन आठवडे जेवण, मित्र, क्रिकेट, वाढदिवस या सगळ्यांविषयी म्हटलेले, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली ढाल आहे. दुसऱ्यामागे नैराश्य असू शकते. शिवाय मुलांतले नैराश्य दरवेळी उदास चेहऱ्याने येत नाही. चिडचिड, फटकून बोलणे, दार आपटणे हेही त्याचे रूप असते आणि निदानाच्या निकषांतही मुलांसाठी चिडचिडेपणा स्वतंत्रपणे नोंदवलेला आहे. म्हणजे ज्या मुलाला घर ‘उर्मट झालाय’ म्हणते, तो आजारी असण्याची शक्यता असते.

पाहायच्या गोष्टी साध्या आहेत. झोप आणि भूक बदलली का? पूर्वी जे आवडायचे ते सुटले का? गुण एकदम घसरले का? मित्रांचे फोन येईनासे झाले का? मूल स्वतःला इजा करते का, आपल्या लाडक्या वस्तू वाटून टाकते का, ‘मी नसलो तर तुम्हाला बरं’ अशा अर्थाचे बोलते का? शेवटच्या तिन्हींसाठी दोन आठवडे थांबायचे नसते, त्याच दिवशी मदत घ्यायची असते.

आकडे सांगतात, की हे विरळा नाही. १० ते १९ वयोगटातील सातपैकी एकाला मानसिक आरोग्याचा त्रास असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतात २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात हे प्रमाण ७.३ टक्के आढळले. महानगरांत ते १३.५ टक्के, तर ग्रामीण भागात ६.९ टक्के होते. या सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशभरात १३ हजार ४४ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवल्याची नोंद आहे आणि त्यांतील सर्वाधिक, १ हजार ७६४, महाराष्ट्रातील होते. यात महाविद्यालयीन विद्यार्थीही येतात. तरी पहिल्या क्रमांकाचा हा मान राज्याला झोप लागू देऊ नये असाच आहे.

आणि पालकांच्या ढालींचे काय?

त्याही तितक्याच जाड असतात, फक्त त्यांना कुणी ‘वयाचा परिणाम’ म्हणत नाही. ‘आमच्या घराण्यात असलं काही नाही’ हा नकार झाला. ‘आमच्या वेळी कुठे होतं डिप्रेशन, बापाने छडी काढली की सगळं जागेवर’ हे समर्थन. ‘शाळेनेच बिघडवला’, ‘मोबाइलनेच वाट लावली’ यात तथ्य असू शकते, पण घरातले काही बघावे लागू नये म्हणूनही ते म्हटले जाते. स्वतःचे हुकलेले मेडिकल मुलीच्या नीटमध्ये शोधणाऱ्या वडिलांना तिला लागलेली धाप दिसत नाही. मुलाला समुपदेशकाकडे नेण्याआधी ‘लोक काय म्हणतील’ या प्रश्नावर जे महिने जातात, ते उपचाराच्या दृष्टीने फार महाग पडतात.

मग बोलायचे कसे?

ढाल हिसकावून घ्यायची नाही. ‘तू डिनायलमध्ये आहेस’ असे मुलाला ऐकवणे म्हणजे इन्स्टाग्रामवरच्या दोन रील्सचे ज्ञान त्याच्यावर फेकणे, आणि याबाबतीत त्याचे रील्स आपल्यापेक्षा जास्त पाहून झालेले असतात. निकालाच्या दुपारी ‘काही वाटतं का तुला’ यापेक्षा ‘चल, आधी जेवून घेऊ’ हे वाक्य अधिक काम करते. बोलणे समोरासमोर बसून होत नाही, तेच दुचाकीवर मागे बसल्यावर, भाजी निवडताना किंवा दिवे घालवल्यावर होते, कारण तेव्हा डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही. मूल बोलू लागले, की पहिली दहा मिनिटे सल्ला द्यायचा नाही. हे बहुतेक पालकांना सर्वांत कठीण जाते.

आत्महत्येचा विचार मनात येतो का, असे थेट विचारले तर तो विचार डोक्यात भरवला जाईल, अशी भीती सर्वत्र आहे. ती निराधार आहे. शांतपणे विचारलेल्या या प्रश्नाने मुलाला बहुधा सुटकेचा श्वास मिळतो, कारण तो शब्द आता त्याला एकट्याला वाहायचा नसतो. उत्तर ‘हो’ आले, तर रागवायचे नाही, शपथा घालायच्या नाहीत, त्याला एकटे सोडायचे नाही आणि मनोविकारतज्ज्ञांची वेळ घ्यायची.

मदत कुठे मिळते?

केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. फोन चोवीस तास आणि विनाशुल्क करता येतो, मराठीतही बोलता येते, आणि फोन पालकांनीच करायला हवा असे नाही, मुलेही करू शकतात. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली १० ते १९ वयोगटासाठी सरकारी रुग्णालयांत किशोरस्नेही आरोग्य केंद्रे आहेत, महाराष्ट्रात ती ‘मैत्री’ नावाने ओळखली जातात. शाळांच्या बाबतीत, १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक असावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिले. आपल्या मुलाच्या शाळेत ही व्यक्ती कोण, ती कोणत्या दिवशी येते आणि तिच्या खोलीत गेलेल्या मुलाचे नाव वर्गात फुटते की नाही, हे पुढच्या पालकसभेत गुणपत्रिकेवर सही करण्याआधी विचारता येईल.